नेत्रवैद्यकाचा उपासक : तंजावरचे सरफोजीराजे भोसले



दरवर्षी या स्मरणिकेच्या पानांवर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र वाचावयास मिळावे, अशी आपल्या वाचकांची अपेक्षा असते. या वर्षी मी एका राजाचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे. त्याने लढाई जिंकली नाही, राज्यही वाढविले नाही. उलट गादीवर बसल्यापासून दीड वर्षाच्या आत त्याचे राज्यच त्याच्या हातून गेले. तरी आज जवळजवळ दोनशे वर्षांनंतर डोळ्यांचे डॉक्टर त्याचे नाव आदराने घेतात. हे असे का, ते सांगण्यापूर्वी हा विषय मला कसा सुचला, हे थोडक्यात सांगतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्या धारूर तालुक्यातील वाड्या-तांड्यांवर त्या दिवसांत काय होते, हे आपणास ठाऊक आहेच. कारखान्यांचे पट्टे पडले की ऊसतोडीला माणसे निघतात आणि गावात म्हातारे व लेकरे तेवढी उरतात. माझ्या आठवीच्या वर्गातील एक हुशार मुलगी त्या दिवसांत अधूनमधून गैरहजर राहू लागली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल खुणा वाढल्या, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. आई-वडील कोयता घेऊन गेलेले. घरात दादी आणि दोन लहान भावंडे. दादीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा होऊन बसलेला. चूल पेटवायची तर मुलीने, पाणी आणायचे तर मुलीने, आणि दादीला परसाकडे न्यायचे तरी मुलीनेच. शाळा बुडत होती ती यामुळे.

दादींना मी शस्त्रक्रियेचे सुचविले, तर त्या एकदम घाबरल्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या अब्बांचा मोतीबिंदू एका जत्रेत कोणा फिरत्या वैद्याने सुईने काढला होता. अब्बांना त्याच दिवशी दिसू लागले, घरात आनंद झाला, वैद्य पैसे घेऊन पुढल्या गावी गेला. आठ दिवसांत डोळा सुजला, पिकला आणि कायमचा गेला. तेव्हापासून डोळ्याला हत्यार लावू द्यायचे नाही, असे त्या घरात ठरून गेले होते. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या एका सुईच्या भीतीने आज एका मुलीची शाळा बुडत होती. त्या रात्री मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचावयास घेतला आणि वाचता वाचता सरफोजीराजांपाशी येऊन थांबलो.

वाचकहो, तंजावर तामिळनाडूत असले तरी हे घराणे आपल्याच मातीतले. मराठवाड्यातील वेरूळचे मालोजीराजे भोसले यांना दोन पुत्र झाले. अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियांच्या दुव्याने ते झाले, अशी श्रद्धा असल्याने एकाचे नाव शहाजी व दुसऱ्याचे शरीफजी ठेवण्यात आले, ही हकीकत आपणास माहीत असेलच. शहाजीराजांचे एक पुत्र शिवछत्रपती आणि दुसरे व्यंकोजी. व्यंकोजींनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी स्थापन केली. पुढे या घराण्यात सरफोजी हे नाव आले, ते त्याच शरीफजी नावाचे रूप मानले जाते. अवलियाच्या नावाची आठवण अशी दूर दक्षिणेत कावेरीच्या काठी जाऊन रुजली. या घराण्याने ती आठवण नुसती नावापुरती ठेवली नाही. नागूरच्या प्रसिद्ध दर्ग्याचा उंच मिनार प्रतापसिंहराजांनी बांधून दिला आणि त्यांचे पुत्र तुळजाजीराजे यांनी दर्ग्याला जमिनी दिल्या.

आपले चरित्रनायक दुसरे सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्याच एका शाखेत झाला. तुळजाजीराजांना वारस उरला नव्हता. १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांनी या लहान मुलाला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ तंजावरातील जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्याकडे सोपविण्याची इच्छा दर्शविली. परंतु तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादी बळकावली आणि लहानगा सरफोजी वाड्यातच कैद्यासारखा झाला. त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवण्यात आले व शिक्षणापासून वंचित करण्यात आले. ज्या वयात मुलाने पाटी-पेन्सिल हाती घ्यावी, त्या वयात हा राजपुत्र उजेडाला आणि अक्षराला पारखा झाला होता. पुढे ज्याने आंधळ्यांच्या डोळ्यांत उजेड आणण्याचे काम हाती घेतले, त्याचे बालपण अंधाराच्या ओळखीत गेले होते, हे आपण लक्षात ठेवू या.

श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या, मुलाला शिकविण्यासाठी माणूस मिळवून दिला आणि अखेर १७९३ च्या सुमारास त्याला मद्रासला हलविण्यात आले. तेथे त्याचे नीट शिक्षण झाले. मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, उर्दू या भाषांबरोबर इंग्रजी त्याने चांगली आत्मसात केली व युरोपातील आणखी काही भाषांचीही ओळख करून घेतली. गणित, भूगोल, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जे समोर येईल ते शिकावयाचे, अशी त्याची वृत्ती झाली. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये वारले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ जून १७९८ रोजी, सरफोजी गादीवर बसले. आपल्या गुरूचे स्मारक म्हणून राजांनी लंडनचे नामांकित शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूजवळ शिष्य उभा आहे. ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. राजाने स्वतःचा धर्म सोडला नाही आणि परधर्मी गुरूचे ऋणही कधी नाकारले नाही. शिक्षकी पेशातल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

परंतु गादी मिळाली आणि राज्य गेले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हाती घेतला. राजांकडे किल्ला व आसपासचा थोडा मुलूख उरला. दरसाल एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक ठरली. फौज नाही, न्यायनिवाडा नाही, करवसुली नाही. बावीस वर्षांच्या राजापुढे प्रश्न उभा राहिला की, आता करावयाचे काय? अशा स्थितीत अनेक राजे-रजवाडे नाचगाण्यात आणि शिकारीत बुडाले, हे आपण इतिहासात वाचतो. सरफोजीराजांनी दुसरी वाट धरली. मुलूख गेला तरी विद्या कोणी नेऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले.

तंजावरच्या राजवाड्यात नायक राजांच्या काळापासून ग्रंथसंग्रह होता. सरफोजीराजांनी तो असा वाढविला की सरस्वती महाल हे नाव देशोदेशी पोहोचले. युरोपातून हजारो छापील ग्रंथ त्यांनी मागविले व वाचले. अनेक ग्रंथांवर त्यांच्या सह्या व टिपा आहेत. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यासह ते काशीयात्रेला गेले, तेव्हा तेथूनही पोथ्या जमा करून आणल्या. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. इसापनीतीचे मराठी भाषांतर बालबोध मुक्तावली या नावाने १८०६ साली तेथे छापले गेले. मराठीतील अगदी पहिल्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. म्हणजे आपल्या मुलांसाठी मराठी गोष्टीचे पुस्तक छापण्याचा मान पुण्या-मुंबईच्याही आधी तंजावरकडे जातो. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तोही याच राजांनी, १८०३ साली.

यात्रेकरूंसाठी तंजावर राज्यात छत्रे म्हणजे अन्नछत्रे असत. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. तेथे जेवणाबरोबर शाळाही होती. छत्रांच्या कारभाराविषयी १८०१ साली त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला एक पत्र पाठविले होते. आलेल्या माणसाची जात-पात न बघता सर्वांना अन्न दिले जाते, मुलांसाठी शिक्षक नेमले आहेत आणि आजाऱ्यांसाठी वैद्य आहेत, असा त्याचा सारांश आहे. छत्रांचे उत्पन्न आपल्या हाती राहावे, एवढ्यासाठी हा राज्य गमावलेला राजा कंपनीशी पत्रव्यवहार करीत होता. अन्न, अक्षर आणि औषध एकाच छपराखाली असावे, ही त्यामागील कल्पना. शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी तिच्यावर विचार करावा, अशी ती आहे.

आता आपण मुख्य विषयाकडे वळू. राजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था स्थापन केली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सर्व वैद्यकपद्धतींचा अभ्यास चाले. वैद्य व हकीम औषधे तयार करीत, रुग्णांवर ती देऊन बघत आणि गुण आलेल्या औषधांच्या नोंदी करीत. त्या नोंदींवरून शरभेंद्र वैद्य या नावाने अनेक तमिळ ग्रंथ तयार झाले, त्यांत नेत्ररोगांवरही ग्रंथ आहे. पण राजांचा विशेष ओढा होता तो डोळ्यांकडे.

त्या काळी मोतीबिंदूवर काय उपाय होता, हे थोडे समजून घेतले पाहिजे. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वय झाले की ते गढूळ होते. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. जुन्या लोकांना मात्र वाटे की मेंदूतून पाणी उतरून डोळ्यात साचते. म्हणून अरबी वैद्यकात त्याचे नाव नुजूल-उल-मा, म्हणजे पाण्याचे उतरणे, असे पडले. लॅटिन व इंग्रजीत त्याला कॅटॅरॅक्ट म्हणतात, त्या शब्दाचा अर्थही धबधबा असाच आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत यावरील शस्त्रकर्म सांगितले आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक शलाका घालावयाची आणि गढूळ भिंग बाजूस सारावयाचे. हीच रीत पुढे सुईने मोतीबिंदू खाली ढकलण्याची म्हणून जगभर चालू राहिली. यात भिंग डोळ्याबाहेर येत नसे, ते आतच तळाशी पडून राही. वाट मोकळी झाल्याने माणसाला तत्काळ दिसे. परंतु पुढे डोळा सुजणे, पिकणे, आतला दाब वाढणे, अशी संकटे येत व बहुतेक डोळे जात.

दहाव्या-अकराव्या शतकात या रीतीत सुधारणा करण्याचा एक मोठा प्रयत्न झाला, तो मोसूलच्या अम्मार बिन अली यांनी केला. इराकपासून मिसरपर्यंत फिरून त्यांनी डोळ्यांवर उपचार केले आणि कैरो येथे खलिफा अल-हाकिम यांच्या काळात ग्रंथ लिहिला. त्यांनी धातूची पोकळ सुई तयार केली आणि मऊ मोतीबिंदू तिच्यातून चोखून बाहेर काढला. मोतीबिंदू आत ढकलण्यापेक्षा बाहेर काढणे बरे, हा विचार त्यांच्या हातून असा प्रत्यक्षात आला. महत्त्वाची गोष्ट अशी की, आपण केलेल्या सहा शस्त्रक्रियांची हकीकत त्यांनी रुग्णागणिक लिहून ठेवली. अरबीत नेत्रवैद्याला कह्हाल म्हणतात. सुरमा म्हणजे कुहल, त्यावरून तो शब्द आला. या कह्हालांनी सुरम्याच्या डबीपासून शास्त्रापर्यंत मजल मारली, ती अशी लिहून ठेवण्याच्या सवयीमुळेच.

त्यानंतर युरोपात १७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला छेद घेऊन संपूर्ण गढूळ भिंग बाहेर काढले. त्याने किती डोळे सुधारले व किती बिघडले, याचे आकडे विद्वानांच्या सभेपुढे ठेवले. तरीही सुईची जुनी रीत लगेच गेली नाही. तिच्यात चिरा लहान, वेळ थोडा आणि वैद्याचे कौतुक ताबडतोब होई. सरफोजीराजांच्या तरुणपणी या दोन्ही रीती जगात एकमेकींशेजारी नांदत होत्या आणि कोणती बरी, यावर वैद्यांमध्ये वाद चालू होता.

लंडनला १८०५ साली डोळ्यांचे खास रुग्णालय निघाले आणि तेथे शिकलेल्या एका डॉक्टराने १८१९ साली मद्रासला तसेच रुग्णालय काढले. म्हणजे नेत्रवैद्यकातील नवे वारे तंजावरच्या जवळ येऊन ठेपले होते. सरफोजीराजांनी ते आपल्या वाड्यात बोलावून घेतले. मॅकबीन नावाच्या इंग्रज डॉक्टराचे त्यांना साहाय्य होते. मोतीबिंदूने व इतर नेत्ररोगांनी पीडलेले गोरगरीब तेथे येत आणि त्यांच्यावर उपचार व शस्त्रक्रिया होत. शस्त्रक्रियेनंतर त्यांची देखभालही होई. हे काम राजे लांब सिंहासनावर बसून पाहत नसत. उरलेल्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्या नेत्रवैद्यांनी राजांना स्वतः शस्त्रक्रिया करणारा नेत्रवैद्य मानले आहे.

आणि या कागदपत्रांतच त्यांचे खरे मोठेपण आहे. सरस्वती महालात नेत्ररुग्णांच्या नोंदींची हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी इतिहास-संशोधकांच्या मदतीने त्यांचा अभ्यास केला व २०१२ साली तो भारतीय नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या पानांवर रुग्णाची हकीकत आहे, डोळ्याची तपासणी आहे, दिलेले उपचार आहेत. याशिवाय चित्रकारांकडून रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून घेतलेली आहेत. तेव्हा छायाचित्रे काढण्याची कला अजून यावयाची होती. डोळा कसा दिसत होता, हे पुढच्या वैद्याला कळावे म्हणून राजदरबारातील कुंचला गरिबाच्या आजारी डोळ्यापुढे बसविला गेला. एरवी हे चित्रकार राजाचे आणि देवादिकांचे चेहरे रंगवीत.

वाचकहो, जत्रेतील तो फिरता वैद्य आणि हा राजा यांतील फरक आपल्या ध्यानात आला असेल. दोघांच्या हातांत जवळपास सारखीच हत्यारे होती. त्या काळी भूल नव्हती. जंतूंची कल्पनाही नव्हती. एरंडेल, जळवा, पोटिसे, अफू यांवरच डॉक्टरांची भिस्त असे. यशाची खात्री दोघांपैकी कोणालाच देता येत नव्हती. परंतु फिरता वैद्य पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी गाव सोडी. मागे काय झाले, ते त्याला कधी कळत नसे. म्हणून शेकडो वर्षे त्याची रीत जशीच्या तशी राहिली, बाप चुकला तसाच मुलगाही चुकत राहिला. राजाच्या दवाखान्यात मात्र रुग्णावर पुढेही लक्ष ठेवले जाई आणि झालेले लिहून ठेवले जाई. जो लिहून ठेवतो, त्याला आपली चूक दिसते. आणि चूक दिसली की रीत बदलावीच लागते. शस्त्रक्रियेत सुधारणा होते ती अशा वहीतून होते. आपण शिक्षक हजेरीपट आणि प्रगतिपुस्तक ठेवतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे, फक्त आपण ते पुष्कळदा विसरतो.

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले होते. राजांची विद्वत्ता, ग्रंथालय आणि निरनिराळी यंत्रे पाहून ते चकित झाले. पुढे सहाच वर्षांनी, ७ मार्च १८३२ रोजी, सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने तंजावरचे संस्थान खालसा केले. धन्वंतरी महालाचे काम मागे पडले. नेत्ररुग्णांची ती पाने दप्तरात दीर्घकाळ निजून राहिली. ग्रंथालय मात्र टिकले, १९१८ साली ते सर्वांसाठी खुले झाले.

राजांच्या मागे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काय बदल झाले, तेही थोडक्यात पाहू, कारण दादींच्या भीतीचे उत्तर त्यात आहे. १८६७ साली लिस्टर यांनी जखमेत जंतू शिरू न देण्याची रीत जगापुढे ठेवली. १८८४ साली व्हिएन्नात कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखविला. तोपर्यंत रुग्णाला चार माणसांनी धरून ठेवावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी जालंधरला हेन्री स्मिथ या डॉक्टरांनी आवरणासकट भिंग काढण्याच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या व ते पाहण्यास परदेशातून डॉक्टर येऊ लागले. पण भिंग काढले की डोळा रिकामा होई. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या लावून उताणे पडून राहावे लागे, हे आपल्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल. शाळेच्या वर्गखोल्यांत सतरंज्या अंथरून भरलेली नेत्रशिबिरेही आठवत असतील.

पुढचा मोठा बदल लंडनला झाला. महायुद्धात विमानाच्या खिडकीच्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, पण डोळ्याने ते निमूटपणे सहन केले, हे हॅरोल्ड रिडले या डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यावरून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी तशाच पदार्थाचे कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसविले. त्यांच्या व्यवसायबंधूंनीच अनेक वर्षे त्यांना विरोध केला. परंतु परिणाम पाहता पाहता विरोध मावळला. १९६७ साली अमेरिकेत केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छिद्रातून शोषून घेण्याची रीत काढली. अम्मार बिन अली यांची पोकळ सुईची कल्पना जणू साडेनऊशे वर्षांनी नव्या रूपात परत आली. आपल्या देशात १९७६ साली अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली मदुराईला कृत्रिम भिंगे तयार होऊ लागली. परदेशी भिंगाच्या किमतीपुढे ती इतकी स्वस्त होती की गरिबाच्या डोळ्यातही भिंग बसू लागले.

आज ही शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत होते. छेद लहान असतो, बहुधा टाकाही लागत नाही. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा, ही जुनी समजूत आता सोडून दिली पाहिजे. जुन्या रीतीत कठीण झालेले भिंग काढणे सोयीचे पडे आणि एकच डोळा केला तर जाड चष्म्याने दोन प्रतिमा दिसत, म्हणून थांबावे लागे. आता ते कारण उरले नाही. उलट फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून गेलेली नजर परत येत नाही. साखरेचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेले थेंब वेळेवर घालावे लागतात. घाण हात, ओला पदर आणि शेजारणीने सुचविलेला सुरमा यांपासून डोळा जपला की बहुतेक काम झाले.

हे सारे मी दादींना सांगितले. एका बैठकीत नव्हे, चार-पाच वेळा जाऊन सांगितले. पहिल्या दोन खेपांना त्यांनी चहा पाजून मला परत पाठविले. त्यांच्या अब्बांचा डोळा गेला, ही गोष्ट खोटी नव्हती आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. मी त्यांना एवढेच समजाविले की, ती सुई आता राहिली नाही. अब्बांचा डोळा करणारा माणूस दुसऱ्या दिवशी निघून गेला होता. आता करणारे डॉक्टर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने डोळा पाहतात आणि कागदावर लिहितात. शेवटी मुलीचे आई-वडील सुट्टीत चार दिवस परतले, तेव्हा त्यांनाही पटले. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात दादींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याची. शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी सर्वांची माफी मागून घेतली होती, जणू कुठे लांब प्रवासाला निघाल्या होत्या. पट्टी निघाल्यावर त्यांनी प्रथम नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. दोन वर्षांत ती किती उंच झाली, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

वाचकहो, आपल्या संस्थेचे कार्य मुलांना शाळेत आणण्याचे आहे. परंतु शाळेची वाट काही वेळा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून जाते. येत्या हंगामात कोयते निघतील, तेव्हा आपल्या वर्गातील कोणती मुले दादा-दादींचा हात धरून घरी बसली आहेत, हे आपण शिक्षकांनी हजेरीपटावरून शोधून काढावे. गल्लीतील, मोहल्ल्यातील तरुणांनी अशा वृद्धांना अंबाजोगाईपर्यंत नेण्या-आणण्याची जबाबदारी घ्यावी. यास फार पैसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि चार वेळा परत जाण्याचा धीर.

सरफोजीराजांकडे राज्य नव्हते, तरी करण्यासारखे काम होते. ते त्यांनी वही आणि कुंचला घेऊन केले. आपल्याकडे तर तेवढेही दडपण नाही. माझ्या आठवीच्या वर्गातील त्या मुलीच्या नावापुढील लाल खुणा आता थांबल्या आहेत. या वर्षी ती नववीत आहे.